अर्थाचा रकाना

कौन्सिलनं फर्मावलं, गावांच्या पाट्या नव्या करा,
आणि नावाखाली बारीक अक्षरांत अर्थही द्या,
पर्यटकांना बरं वाटतं.
मला चौदा नावं मिळाली, एक छापील तक्ता
आणि लायब्ररीतलं पिवळं पडलेलं चोपडं,
कुणा पोस्टमास्तरानं शंभर वर्षांपूर्वी
टपालाची वाट बघत लिहिलेलं.

त्यात बहुतेक नावांचा अर्थ पाणी.
कुरांडी : पाणी. देल्लीगा : गोड पाणी.
तल्लावा : पाण्याची जागा, असावी.
सात वर्षं आम्ही इथे टँकरवर काढतोय
आणि चोपडं नुसतं थबथबलेलं.

पंपावरचा कीथ म्हणाला, व्हेर्ना मोफॅटला विचार.
आंटी व्हेर्ना. शाळेत जेवण वाढायची.
माझ्याआधी तिला माझी भूक ओळखू आली.
"बस. अजून हाडकुळाच आहेस."

चष्मा लावून तिनं चोपडं वाचलं
आणि हसता हसता तिला चहाचा ठसका लागला.
"पाणी, पाणी, पाणी!
तहानेला होता बिचारा."

मग एकेक नाव तिनं तोंडात घोळवलं,
क्वांडाँगची बी घोळवावी तसं, न चावता.
कुरांडी म्हणजे पाणी नव्हे.
कुरांडी म्हणजे, पुढे काही मिळायचं नाही, इथेच भरून घ्या.
एवढं सगळं? एका शब्दात?
"तुम्ही नाही का म्हणत, 'बंद'?
दुकानाच्या दारावर?"

मुंडूर मुंडूर. पोस्टमास्तर लिहितो : पक्षी.
"मुंडूर एकदा म्हटलं तर टिटवी.
दोनदा म्हटलं, की झोप विसरा."

बलूमा. पोस्टमास्तर लिहितो : प्रार्थनास्थळ.
"गुडघे."
गुडघे?
"गुडघे," ती म्हणाली, आणि बिस्किट बुडवलं.

असं करत तेरा झाली.
तल्लावाशी ती थांबली.
आतल्या खोलीत टीव्हीवर घोड्यांची शर्यत चालली होती,
ती संपली, दुसरी सुरू झाली.
तिनं चष्मा काढून घडी घालून ठेवला.
"मला ठाऊक आहे. माझ्या आईलाही होतं.
ती त्या रस्त्यानं कधी गेली नाही.
वळसा घालायची. अकरा मैलांचा.
उन्हात, आम्हाला कडेवर घेऊन."

मग मी काय लिहू?
"नाव लिही.
नाव खरं आहे."

बलूमाची पाटी रोवायला गेलो तर
डांबरापासून वीस पावलांवर, सुक्या गवतात,
जमीन एकदम मऊ झाली.
डावा पाय गेला, मग उजवा,
आणि बरोब्बर तिथवर गेले, जिथवर नावात लिहिलं होतं.
खाली कुठला तरी जुना झरा, दुष्काळाला दाद न देणारा.
पाटी छातीशी धरून मी एकटाच हसत उभा,
लांबून कुणाला वाटलं असतं, हा भक्त.
आंटीच्या भाच्यानं, डॅरलनं, ट्रॅक्टरला दोर बांधून काढलं.
"आंटीनं सांगितलं नव्हतं?"
सांगितलं होतं.

ऑफिसातून तक्ता परत आला.
चौदावा रकाना रिकामा, कृपया भरावा.
मी भरला.
अर्थ : आहे.

पुन्हा परत आला. त्यावर लाल शाईनं प्रश्नचिन्ह.
मी तो खणात टाकला, बुटांच्या पावतीखाली.

तल्लावाला पाटी उभी आहे आता.
वर नाव, खाली हातभर मोकळी हिरवी पट्टी.
लोक गाडी थांबवतात, फोटो काढतात,
कौन्सिलला कळवतात, अक्षरं उडाली आहेत.

उडाली नाहीत.
दर उन्हाळ्यात शिडी, डबा, ब्रश घेऊन
मी त्या मोकळ्या जागेला रंग देतो.
दोन हात.